रिसर्च करणाऱ्यांचा ऑनलाइन ग्रुप काढताय? मग आधी हे वाचा

ग्रुप काढणं दोन मिनिटांचं काम आहे, नाव टाकलं, डीपी लावला, पंधरावीस जणांना लिंक पाठवली की झालं. पीएचडी करणाऱ्यांचे असे ग्रुप पैशाला पासरी आहेत आणि त्यातले बहुतेक महिना-दोन महिन्यांत कॉन्फरन्सच्या जाहिराती, 'कोणाकडे हा पेपर आहे का' आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा एवढ्यावर येऊन थांबतात. म्हणून मी ग्रुप चांगला की वाईट हे ठरवायला एकच कसोटी लावते. रात्री साडेअकराला कोणी लिहिलं की 'तीन महिने झाले, एक पान पुढे सरकलेलं नाही, सोडून द्यावंसं वाटतंय', तर त्यानंतर काय होतं? सगळे चिडीचूप बसतात, कोणीतरी हात जोडल्याचा इमोजी टाकतं, की कोणी नीट बोलतं? खाली जे काही सांगतेय, प्लॅटफॉर्म, नियम, वेळापत्रक वगैरे, ते सगळं त्या एका मेसेजला धड उत्तर मिळावं म्हणून आहे.

गरज आहे का असं विचाराल तर आहे, आणि ती नुसती वाटण्यातली नाही. २०१८ मध्ये नेचर बायोटेक्नॉलॉजीत एक सर्व्हे आला होता, २६ देशांतले २२७९ विद्यार्थी, बहुतेक पीएचडीचे, त्यातल्या ४१ टक्के लोकांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची लक्षणं होती आणि ३९ टक्के लोकांमध्ये नैराश्याची. आता हा सर्व्हे ईमेल आणि सोशल मीडियावरून फिरवला होता, म्हणजे ज्यांना आधीच त्रास होता त्यांनी तो जास्त उत्साहाने भरला असेल, तेव्हा आकडा अगदी दगडावरची रेघ समजू नका. पण त्याच्या आदल्या वर्षी बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात ३६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही साधारण ३२ टक्के, म्हणजे तिघांत एक, मानसिक आजाराच्या उंबरठ्यावर दिसले. आणि त्याचा संबंध कशाशी लागला तर कामाचा बोजा, घर आणि काम यातली ओढाताण, आणि गाईडची वागण्याची पद्धत. यातलं काहीही तुमचा ग्रुप बदलू शकत नाही हे आधीच मान्य करून टाका. गाईड तोच राहणार, डेडलाइन तीच राहणार. ग्रुप फक्त एवढंच करू शकतो की माणूस त्यात एकटा पडणार नाही, आणि 'हे फक्त माझ्याच बाबतीत होतंय, मीच मठ्ठ आहे' हा जो गैरसमज असतो ना, तो मोडू शकतो. माझ्या मते हे पुष्कळ झालं.

कोणाला घ्यायचं

सुरुवातीला सहा ते आठ जण, बास. शंभर लोकांना लिंक वाटून सुरू केलेल्या ग्रुपमध्ये कोणी मनातलं बोलत नाही, कारण वाचणारे कोण आहेत हेच माहीत नसतं. आधी आठ जणांमध्ये बोलायची सवय लागू द्या, मग एकेकाने एकेक ओळखीचा माणूस आणायचा, असं वाढवत न्या.

एकाच विषयातले लोक घेतले तर सोयीचं पडेल असं वाटतं, पण माझं मत उलट आहे. एकाच विषयातले लोक एकमेकांचे स्पर्धकही असतात, तेच जर्नल, तीच पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीची) जागा, त्यामुळे माणूस हात राखून बोलतो. इतिहासवाला, केमिस्ट्रीवाली, कॉम्प्युटरवाला असे एकत्र असले की कोणालाच कोणाचा विषय कळत नाही आणि मग आपोआप गप्पा कामाच्या पद्धतीवर येतात, लिहायला कसं बसायचं, रिव्ह्यूअरला (जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्याला) उत्तर कसं द्यायचं, एक्सटेन्शन कसं मागायचं. हां, विषयातली मदत हवी असेल तर त्यासाठी वेगळा ग्रुप करा की, दोन्ही एकाच भांड्यात शिजवू नका.

टप्पे मात्र वेगवेगळे हवेत. पहिल्या वर्षातला, मधल्या कंटाळवाण्या वर्षांतला (सगळ्यात जास्त गळती इथेच मनातल्या मनात सुरू असते, पण बोलत कोणी नाही), थिसिस लिहायला बसलेला, आणि शक्य असेल तर नुकतीच डिग्री मिळालेले एक-दोघं. हे शेवटचे लोक सोन्यासारखे असतात, कारण 'होतं हो, माझंही तिसऱ्या वर्षी असंच झालेलं' हे त्यांनी म्हटलं की त्याला वजन असतं, आपण म्हटलं तर नुसती समजूत.

आणि गाईड लोक? अजिबात नाही. कितीही भले असले, कितीही 'मी मित्रासारखाच आहे' म्हणत असले तरी नाही. ज्याच्या सहीवर कोणाचं तरी पुढचं सगळं अवलंबून आहे तो माणूस आत असला की बाकीचे मोजून मापून बोलतात. लॅबमधला सीनिअर जो गाईडचा उजवा हात आहे, त्याच्या बाबतीतही दोनदा विचार करा. सीनिअर माणसांचं मार्गदर्शन हवंच असेल तर महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर पाहुणे म्हणून बोलवा, प्रश्न विचारा, आणि निरोप द्या.

प्लॅटफॉर्म

यावर लोक पंधरा दिवस वाद घालतात आणि तोवर उत्साह संपून जातो. लोक जिथे आधीच आहेत तिथे काढा हा साधा नियम. फक्त काही गोष्टी माहीत असू द्या. व्हॉट्सअॅपवर ग्रुपमधल्या सगळ्यांना तुमचा नंबर दिसतो, अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये बऱ्याच जणांना, विशेषतः मुलींना, ते नको असतं. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. डिस्कॉर्डवर टोपणनाव चालतं आणि विषयवार वेगळे चॅनल करता येतात, पण ज्याने कधी वापरलं नाही तो पहिल्या दिवशी गोंधळतो. स्लॅक छान आहे पण फुकटच्या प्लॅनमध्ये ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसत नाहीत, म्हणजे कोणीतरी कष्टाने लिहिलेला व्हायवाचा (थिसिसच्या तोंडी परीक्षेचा) अनुभव तीन महिन्यांत गायब. असं काही असेल तर ते एका शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये लगेच हलवत चला, 'नंतर करू' म्हटलं की ते होत नाही.

नियम, पण एका स्क्रीनवर मावतील इतकेच

लंडनच्या चॅटम हाऊस या अभ्याससंस्थेचा १९२७ पासून चालत आलेला एक नियम आहे, जे ऐकलं ते बाहेर वापरा पण कोण बोललं आणि ते कुठल्या संस्थेचं हे सांगू नका. आपल्याला तोच घेता येतो, जरा कडक करून. स्क्रीनशॉट काढायचा नाही. ग्रुपमधली गोष्ट बाहेर सांगायची झाली तर माणूस ओळखू येईल असं काही सांगायचं नाही. आणि हे नियम पहिल्याच दिवशी पिन करा, कारण भांडण झाल्यावर केलेला नियम हा नियम वाटत नाही, कोणाला तरी उद्देशून मारलेला टोमणा वाटतो. गायब होणाऱ्या मेसेजची सोय चालू ठेवलीत तरी चालेल पण त्यावर फार विसंबू नका, फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार.

दुसरं, अप्रकाशित डेटा, नवीन कल्पना, पेटंट होऊ शकेल अशी गोष्ट ग्रुपवर टाकायची नाही. इथे अविश्वासाचा प्रश्नच नाही, पेटंटच्या बाबतीत अर्ज करण्याआधी गोष्ट बाहेर पडली की ती नवीन राहिली नाही असं म्हटलं जाऊ शकतं, आणि पन्नास लोकांचा ग्रुप म्हणजे 'खाजगी' असं तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? मुलाखती घेऊन काम करणाऱ्यांनी तर जास्तच जपायचं, ज्यांची मुलाखत घेतली त्यांचे किस्से नाव काढून सांगितले तरी ओळखू येतात.

तिसरं म्हणजे 'थिसिस लिहून देतो', 'पंधरा दिवसांत पेपर छापून देतो' हे लोक. ग्रुप जरा वाढला की हे येतातच येतात, कधी सरळ जाहिरात टाकतात, कधी अडलेल्या माणसाला वेगळा मेसेज करून गाठतात. चर्चा नाही, ताकीद नाही, सरळ बाहेर. आणि सगळ्यांना सांगून ठेवा की असा मेसेज आला तर अॅडमिनला कळवा, कारण घाबरलेला माणूस ह्यांच्या जाळ्यात पटकन सापडतो.

पहिले काही आठवडे

'सगळ्यांनी आपापली ओळख द्या' यावर ग्रुप सुरू करू नका. पहिले तिघं आपला बायोडेटा टाकतात, चौथ्याला वाटतं आपल्याकडे तर एकही पेपर नाही आणि तो जो गप्प होतो तो कायमचा. त्याऐवजी छोटा, उत्तर द्यायला सोपा आणि जरा हलका प्रश्न टाका. 'सध्या तुमच्या कॉम्प्युटरवर सगळ्यात विनोदी नाव असलेली फाईल कोणती?' हा माझा आवडता, कारण 'फायनल_खरंच फायनल_गाईडने बघितलेली_३' हे प्रत्येकाकडे असतंच आणि पाच मिनिटांत सगळे एका पातळीवर येतात.

शांततेला घाबरू नका. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन ग्रुपांबद्दल एक ढोबळ हिशोब मांडला होता, ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून बोलतात आणि १ टक्का सतत. छोट्या ग्रुपात प्रमाण याहून बरं असतं पण दिशा तीच. गप्प बसणाऱ्यांना 'तुम्ही काहीच बोलत नाही' असं सगळ्यांसमोर कधीही म्हणू नका, अहो वाचूनही आधार मिळतो. त्यांच्यासाठी फक्त एक बारीकशी फट ठेवा, अॅडमिनला खाजगीत लिहून पाठवायचं आणि अॅडमिनने नाव न सांगता ते ग्रुपवर टाकायचं. सगळ्यात खरे प्रश्न याच वाटेने येतात.

पण नुसत्या गप्पांवर ग्रुप टिकत नाही, काहीतरी ठरलेलं, दर आठवड्याला, त्याच वेळी व्हायला हवं. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त उपयोगी म्हणजे एकत्र लिहायला बसणं. ते असं चालतं: व्हिडिओ कॉल लावायचा, पहिली पाच मिनिटं प्रत्येकाने चॅटमध्ये एक ओळ टाकायची की आता नेमकं काय करणार. 'थिसिस लिहिणार' ही ओळ चालत नाही, 'दुसऱ्या चॅप्टरमधला सॅम्पलिंगचा परिच्छेद दुरुस्त करणार' ही चालते. मग माइक बंद, २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, परत २५. ही पोमोडोरोची जुनी पद्धत, फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना काढलेली. शेवटी पुन्हा एक ओळ, झालं की नाही झालं. नाही झालं तर 'नाही झालं' एवढंच, कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही. कॅमेरा ज्याची इच्छा त्याचा. एक बारकावा, फुकटच्या झूमवर कॉल ४० मिनिटांत तुटतो, म्हणजे ऐन दुसऱ्या फेरीत सगळे बाहेर फेकले जातात, गूगल मीटवर फुकटात तासभर मिळतो त्यामुळे दोन फेऱ्या आणि सुट्टी त्यात जेमतेम बसवता येतात, फक्त बोलणं आटोपशीर ठेवा. दोघंच आले तरी सेशन घ्यायचंच. रद्द एकदा केलं की दुसऱ्यांदा रद्द करायला कोणालाच काही वाटत नाही. वेगवेगळ्या देशांतले लोक असतील तर वेळ आलटून पालटून ठेवा, नाहीतर तोच बिचारा दर वेळी पहाटे उठतो आणि एक दिवस यायचा बंद होतो.

आता मुख्य गोष्ट, उत्तर कसं द्यायचं

समजा मेसेज आलाय: 'आज गाईडने चॅप्टर परत पाठवला. सगळं नव्याने लिही म्हणाले. सहा महिन्यांचं काम होतं. मला नाही वाटत मला हे जमेल.'

यावर साधारण काय येतं? 'धीर धर, सगळं ठीक होईल.' 'अरे माझा तर तीनदा परत आलेला, तू एकदाच रडतोयस!' 'असं कर, आधी आउटलाइन बनव, मग रोज ५०० शब्द लिही.' तिन्ही उत्तरं देणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे हो, पण पहिल्याने विषय बंद केला, दुसऱ्याने तो स्वतःकडे ओढला आणि तिसऱ्याने न मागता औषध दिलं. त्या माणसाला वाचून काय वाटतं, तर उगाच लिहिलं.

त्याऐवजी आधी त्याने जे म्हटलंय ते ऐकल्याची पावती द्या, साध्या शब्दांत: 'सहा महिन्यांचं काम एका मेलमध्ये परत आलं म्हणजे कोणालाही हबकायला होईल.' मग विचारा: 'आत्ता फक्त बोलायचंय, की पुढे काय करता येईल ते बघायचंय?' हा एक प्रश्न जादूसारखा चालतो, पुढचा सगळा गोंधळ टळतो. बोलायचं असेल तर बोलू द्या, सल्ल्याची पेटी बंद ठेवा. उपाय हवा असेल तरी लगेच उपदेश नको, आधी बारीक प्रश्न विचारा: 'नव्याने लिही' हे त्यांचे शब्द आहेत की तुझा अर्थ? कमेंट्स लेखी आहेत का? रचना चुकली म्हणतायत की मुद्दाच पटला नाही? बऱ्याचदा असं निघतं की चॅप्टर फेकून द्यायचा नाहीये, फक्त क्रम बदलायचाय, पण पहिल्या वाचनात लाल रंगापलीकडे काही दिसलेलंच नसतं. आणि शेवटी, दोन-तीन दिवसांनी, खाजगीत एक ओळ: 'त्या चॅप्टरचं काय झालं रे?' ही ओळ बहुतेक कोणी पाठवत नाही आणि माणसाच्या लक्षात मात्र हीच राहते.

हे आपोआप होईल असं समजू नका, सगळ्यांना वाटतं दुसरा कोणीतरी उत्तर देईल. म्हणून आठवड्याला दोघांची पाळी लावा. पाळी कशाची, तर अशा मेसेजला पहिलं उत्तर द्यायची, एवढीच. 'वाचलं, मी आहे, जरा वेळाने सविस्तर लिहिते' एवढं पहिल्या उत्तरात पुरतं.

आनंदाच्या बातम्यांचंही एक तंत्र असतं. पेपर स्वीकारला गेला, जरूर सांगा, पण रिजेक्शनलाही तेवढीच जागा द्या. ज्याचा पेपर लागला त्यानेच लिहायचं की हा आधी कुठून कुठून परत आला होता. नाहीतर ग्रुप म्हणजे नुसती हारतुऱ्यांची भिंत होते आणि अडकलेले लोक हळूहळू म्यूट करतात.

गाईडबद्दलच्या तक्रारी

येणारच. ज्याच्या दगडाखाली हात अडकलाय त्याच्याबद्दल बाहेर कुठे बोलता येत नाही म्हणून तर लोक इथे येतात. बोलू द्या, फक्त गाईडचं नाव आणि विभाग न लिहिता. पण रोज तेच तेच उगाळणं सुरू झालं तर ग्रुपवर एक उदास साय धरते, तेव्हा हळूच वळवा: मीटिंग झाल्यावर 'आज असं असं ठरलं' हा मेल गाईडला पाठवतोस का? म्हणजे पुढच्या वेळी 'मी असं म्हणालोच नव्हतो' होत नाही, आणि तारखांसकट नोंद राहते. छळ, लैंगिक त्रास, पैशांची मागणी, कामावर स्वतःचं नाव लावणं असलं काही असेल तर ते ग्रुपच्या आवाक्यातलं नाही. ग्रुपने तिथे न्यायाधीश व्हायचं नाही, खरं-खोटं करत बसायचं नाही. संस्थेत तक्रार कुठे करायची ते शोधायला मदत करायची, पुरावे कसे जपायचे ते सांगायचं आणि त्या माणसासोबत राहायचं. निर्णय त्याचा.

जीव देण्याची भाषा आली तर

इथे शब्द जपून वापरत बसू नका. ग्रुपवर चर्चा थांबवा, पाळीवर असलेल्याने लगेच फोन करायचा आणि सरळ विचारायचं, 'आत्महत्येचा विचार येतोय का?' विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट डोक्यात शिरते ही भीती निराधार आहे, उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, जवळ कोण आहे ते विचारून त्यांना गाठायचं, आणि तिथल्या आपत्कालीन सेवेला किंवा हेल्पलाइनला जोडून द्यायचं. ज्या ज्या देशातले लोक ग्रुपमध्ये आहेत तिथले नंबर आधीच पिन करून ठेवा, ऐनवेळी शोधत बसायला लागू नये. जमलं तर सभासद होतानाच, ऐच्छिक म्हणून, जवळच्या एका माणसाचा नंबर अॅडमिनकडे घेऊन ठेवा. आणि गुप्ततेचा नियम इथे लागू नाही, हेही नियमांतच लिहा. फोन करणाऱ्यानेही हे ओझं एकट्याने वाहायचं नाही, दुसऱ्या अॅडमिनला तेव्हाच कळवायचं.

अॅडमिनचंही काहीतरी बघा की

अॅडमिनचीही थिसिस बाकी असते हे सगळे विसरतात, कधीकधी तो स्वतःसुद्धा. ग्रुप सांभाळणं हे काम केल्यासारखं वाटतं, त्यामुळे न लिहिण्याला यासारखं छान निमित्त नाही. म्हणून सुरुवातीपासून तीन अॅडमिन, दर चार-सहा महिन्यांनी एक बदलायचा, आणि 'मी महिनाभर नाहीये' हे कारण न देता सांगायची मुभा. रात्री अमुक वाजल्यानंतर नियमित कामाला उत्तर नाही हेही ठरवून टाका. तातडीसाठी पाळीवाले आहेतच.

लोक डिग्री घेऊन जातील, ते जाणारच, ग्रुप त्यासाठीच होता. जाताना त्यांच्याकडून एकच गोष्ट मागून घ्या: त्यांची खरी टाइमलाइन, कधी काय ठरवलेलं आणि प्रत्यक्षात कधी झालं, दोन रकाने, पान-दीड पान. नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी हेच वाचायला द्यायचं. आणि कधी ग्रुपच थंड पडला, महिनोन्महिने कोणी आलं नाही, तर ओढूनताणून चालवू नका. महिनाभर आधी सांगा, कामाचे डॉक्युमेंट्स सगळ्यांना उतरवून घेऊ द्या, ज्यांना आपले जुने मेसेज पुसायचेत त्यांना पुसू द्या, आणि मग बंद करा.